मूकपटाच्या मूकनायिका : 'बायका मिळत नव्हत्या' म्हणजे कोणत्या बायका?

एप्रिलमध्ये जयंतीच्या आठवड्यात कल्याण पूर्वेतल्या एका वस्तीत आम्ही प्रश्नमंजूषा ठेवली होती. विहाराच्या ओट्यावर दोन टेबले, भाड्याचा माईक आणि समोर सतरंजीवर वस्तीतली शंभरेक माणसे. महाडचा सत्याग्रह कधी झाला, 'मूकनायक'चा पहिला अंक कधी निघाला, असे नेहमीचे प्रश्न झाले. मग सामान्यज्ञानाच्या फेरीत एक प्रश्न आला, भारतीय सिनेमातली पहिली अभिनेत्री कोण? एका संघाने पटकन उत्तर दिले, दुर्गाबाई कामत. दहा गुण मिळाले, टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "आणि आपल्यातली पहिली कोण?"

ओट्यावर बसलेल्या आम्हा कार्यकर्त्यांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. "पुढच्या वेळी सांगू" म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

त्याच मुलीची दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुढे नेता येणार नाही. त्याच आठवड्यात आम्ही माता रमाईंवर एक छोटे नाटक बसवले होते आणि रमाईंचे काम ती करणार होती. पंधरा दिवस तालीम झाली. प्रयोगाला दोन दिवस उरले असताना तिचे वडील आले. वीस वर्षे निळा झेंडा खांद्यावर घेतलेला, प्रत्येक मोर्चाला पुढे असलेला माणूस. म्हणाले, "पोरीला भाषण करू द्या, गाणं म्हणू द्या, पण नाटकात उभी करू नका. आपल्या बायांना या नाचगाण्यातून बाहेर काढायला किती पिढ्या गेल्या, तुम्हाला माहीत आहे. पुन्हा लोकांनी बोट दाखवायला नको." आम्ही समजावले, पण ते ऐकेनात. शेवटी आमच्यातल्याच एका मुलाने लुगडे नेसून रमाईंचे काम केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला मात्र त्या टाळ्या ऐकवत नव्हत्या.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही बसलो, तेव्हा लक्षात आले की तिचा प्रश्न आणि तिच्या वडिलांची भीती या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासातून आलेल्या आहेत. तो इतिहास सिनेमा मुका होता त्या काळातला आहे.

पुरुषाची तारामती

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यातली राणी तारामती होती अण्णा साळुंके नावाचा एक पुरुष. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा हा तरुण फाळक्यांनी उचलला आणि साडी नेसवून कॅमेऱ्यासमोर उभा केला. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या.

असे का झाले, याचे उत्तर सिनेमाच्या प्रत्येक पुस्तकात एका वाक्यात मिळते : 'त्या काळी सिनेमात काम करायला बायका मिळत नव्हत्या.' फाळके वेश्यावस्तीतही जाऊन आले, तिथूनही नकार आला, म्हणून शेवटी पुरुषाला साडी नेसवली, अशी ही कथा. हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे की ते आपल्याला निसर्गनियमासारखे वाटू लागले आहे. आमचे म्हणणे आहे की याच वाक्याची चिकित्सा केली पाहिजे. पण आधी दुर्गाबाईंना न्याय देऊ, कारण त्या न्यायाला पात्र आहेत.

दुर्गाबाई आणि कमला

दुर्गाबाई कामत ब्राह्मण घरातल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात लहान मुलगी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशा बाईपुढे रस्ते किती होते? परक्या घरी पोळपाट-लाटणे धरायचे, नाहीतर नातेवाइकांच्या दारात आयुष्यभर मिंधे होऊन पडायचे. दुर्गाबाईंनी फिरत्या नाटक कंपनीचा रस्ता धरला. मुलगी कमला कंपनीच्या बिऱ्हाडातच वाढली आणि लहानपणापासून रंगमंचावर उभी राहिली.

'हरिश्चंद्र'नंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलवले. 1913 चा 'मोहिनी भस्मासुर' तिथे तयार झाला. मुंबईहून नाशिकला जाणारी रेल्वे तेव्हाही आपल्या ठाणे-कल्याणवरूनच कसाऱ्याचा घाट चढत होती. आज ज्या फलाटांवर आपण लोकलची वाट पाहतो, त्यांच्या समोरून सिनेमाचा सगळा संसार त्या काळात ये-जा करत होता. या चित्रपटात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांच्या आसपासची कमला मोहिनी झाली. भारतीय पडद्यावर उभ्या राहिलेल्या या पहिल्या स्त्रिया, आई आणि लेक.

बक्षीस काय मिळाले? त्यांच्या जातीने त्यांना वाळीत टाकले. पुढे कमलाबाईंचे लग्न नाटक कंपनीचे रघुनाथराव गोखले यांच्याशी झाले. नवरा लवकर गेला. मागे लहान मुले. कमलाबाईंनी रंगमंच सोडला नाही, पुरुषांच्या भूमिकाही केल्या आणि मुले वाढवली. थोरले चंद्रकांत गोखले नामांकित नट झाले, दुसरे दोघे तबलावादक झाले. विक्रम गोखले त्यांचे नातू. 1992 साली रीना मोहन यांनी कमलाबाईंवर एक माहितीपट केला, तेव्हा नव्वदीच्या घरातली ही बाई कॅमेऱ्यासमोर बसून आपली हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगत होती. 1998 साली त्या गेल्या.

ब्राह्मण घरातल्या बाईंचे कौतुक कशाला, असे आपल्यातल्या कोणाला वाटत असेल तर त्याने बाबासाहेब पुन्हा वाचावेत. 'मोहिनी भस्मासुर'नंतर तीनच वर्षांनी, मे 1916 मध्ये, कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जात म्हणजे बंदिस्त विवाहगट, आणि तो बंदिस्त ठेवायचा तर बाईला बंदिस्त ठेवावे लागते, ही त्यातली मांडणी. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्याची हत्यारे. नवऱ्याशिवाय जगणारी, स्वतः कमावणारी, चारचौघांसमोर उभी राहणारी बाई जातीच्या भिंतीला भोक पाडते. म्हणून दुर्गाबाईंना वाळीत टाकले गेले. सिनेमा हे निमित्त होते. ब्राह्मणी पुरुषसत्तेने आपल्या घरातल्या बाईलाही सोडले नाही, याचा हा पुरावा आहे आणि तो आपण आपल्या पुराव्यांत जमा केला पाहिजे.

मात्र इथे एक गोष्ट नोंदवून ठेवू. कमलाबाईंना वाळीत टाकणारा समाज पुढे नमला. त्यांचे नाव राहिले, फोटो राहिले, मुलाखत राहिली, पिढ्यांनी आजीचे नाव अभिमानाने घेतले. दंड झाला, पण पुढे तो माफही झाला. आता पाहू की तो कोणाला माफ होत नाही.

पवळा होती, पण 'बाई' नव्हती

'बायका मिळत नव्हत्या' असे म्हणतात त्याच काळात संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा तमाशाच्या फडावर उभी होती. महार घरातली बाई. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांनी लावण्या लिहिल्या. त्या पवळेच्या गळ्यातून आणि पायांतून लोकांपर्यंत गेल्या. या जोडीने मुंबईही गाजवली. तिकीट काढून हजारो लोक एका बाईचे गाणे, नाच आणि अभिनय पाहायला जात होते. नुसती पवळाच नव्हे. महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कितीतरी स्त्रिया गावोगावच्या फडांवर रोज रात्री अभिनय करत होत्या. प्रेक्षकाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभे राहण्याची सवय त्या काळात इतर कोणत्या बायकांना होती?

मग 'बायका मिळत नव्हत्या' म्हणजे काय? इतिहास लिहिणाऱ्यांना कलाकार बायका दिसतच नव्हत्या, असा त्याचा अर्थ. त्यांच्या लेखी 'स्त्री' म्हणजे घरंदाज स्त्री. बाकीच्या म्हणजे नाचणाऱ्या आणि तमासगिरिणी. त्यांना 'बाई' या मोजणीत घ्यायचेच नव्हते. फाळके पवळेच्या दारात गेले होते का, गेले नसतील तर का गेले नाहीत, हा साधा प्रश्न सिनेमाच्या इतिहासकारांना पडत नाही. सीता, तारामती, पार्वती या पतिव्रतांच्या कथा पडद्यावर आणायच्या होत्या. त्या जागी महाराची बाई कल्पनेतही बसत नव्हती. लुगडे नेसलेला पुरुष चालत होता.

ही आमची वडाची साल पिंपळाला नव्हे. पुढे काय झाले ते पाहा. 1920 साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री'त गुलाबबाई आणि अनुसूयाबाई यांना घेतले. पडद्यासाठी त्यांची नावे झाली कमलादेवी आणि सुशीलादेवी. बाईची देवी केल्याशिवाय तिला पडद्यावर उभे करता येत नव्हते, आणि तरीही त्यांच्या समाजाने त्यांना बाहेर काढलेच. घरंदाज घरांनी रिकामी ठेवलेली जागा मग ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींनी भरली. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स ही ज्यू मुलगी टेलिफोन ऑपरेटर होती. ती 'सुलोचना' झाली आणि मूकपटांच्या काळातली सर्वात मोठी तारका ठरली. पडदा मुका होता, त्यामुळे बोलीवरून कोणी कोणाला ओळखत नव्हते.

मग 14 मार्च 1931 ला 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. सिनेमात पैसा आणि प्रतिष्ठा येऊ लागली. 1932 च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोटे तारामती झाल्या, तेव्हा शिकलेल्या, प्रतिष्ठित घराण्यातल्या स्त्रीने सिनेमात पाऊल टाकले याचे कौतुक झाले. दुर्गा खोटे मोठ्या अभिनेत्री होत्याच, त्याबद्दल दुमत नाही. प्रश्न हा आहे की ज्या कामासाठी एका बाईला बाटवले जाते, तेच काम दुसऱ्या बाईने केले की ते धाडस कसे ठरते? बाटणे आणि धाडस यांतला फरक कामात नसतो, करणाऱ्याच्या जातीत असतो.

रोझी : जिचे घर जाळले गेले

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. पण त्यासाठी आपल्याला महाराष्ट्र सोडून दक्षिणेला, तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात जावे लागते. आपल्या इतिहासाने पवळेला पडद्यावर पोहोचू दिले नाही. तिथे मात्र एक मुलगी पोहोचली.

तिचे नाव राजम्मा. जन्म 1903, तिरुवनंतपुरम. समाज पुलय, म्हणजे आपल्या महार-मांगांसारखाच शेतात राबणारा आणि गावाबाहेर ठेवलेला. याच समाजातून अय्यंकाली पुढे आले. ज्या रस्त्यांवर अस्पृश्यांना पाऊल टाकायची बंदी होती, त्या रस्त्यांवरून त्यांनी बैलगाडी हाकली आणि पुलय मुलांच्या शाळाप्रवेशासाठी लढा दिला. त्या समाजातली ही गरीब घरची मुलगी 'काक्करशी नाटकम' या लोकनाट्यात काम करायची. आपल्या तमाशासारखेच ते गाण्याचे, नाचाचे आणि टवाळीचे नाट्य. म्हणजे तीही पवळेच्याच जातकुळीची कलावंत.

जे. सी. डॅनियल नावाच्या एका दंतवैद्याने जमीन विकून मल्याळममधला पहिला चित्रपट काढला, 'विगतकुमारन', हरवलेला मुलगा. त्याची नायिका म्हणून त्यांनी राजम्माला घेतले. पडद्यावरचे नाव पी. के. रोझी. भूमिका होती सरोजिनी नावाच्या नायर स्त्रीची. नायर म्हणजे तिथली जमीनदार, उच्चवर्णीय जात. पुलय मुलगी नायर बाई झाली, तिच्यासारखे नेसली आणि तिच्यासारखी प्रेम करताना दिसली.

1930 च्या सुमारास तिरुवनंतपुरमच्या कॅपिटल थिएटरात हा चित्रपट लागला. पहिल्या खेळाला नायिकेलाच आत बसू दिले नाही. ती आत आली तर आम्ही येणार नाही, असे प्रतिष्ठितांनी बजावले होते. खेळ सुरू झाला आणि पडद्यावर रोझी दिसताच प्रेक्षकांनी दगडफेक केली, पडदा फाडला. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तिचे घर पेटवून दिले गेले. रोझीला रातोरात पळून जावे लागले. एका लॉरीतून ती तमिळ मुलखात गेली, लॉरीचालक केशव पिल्लै यांच्याशी तिचे लग्न झाले आणि नागरकोविलला ती 'राजम्माळ' म्हणून राहिली. सिनेमाचे नाव तिने पुन्हा काढले नाही. 1988 मध्ये ती गेल्याचे सांगतात.

एक चित्रपट, एवढीच तिची कारकीर्द. त्या चित्रपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही. तिचा म्हणून खात्रीने दाखवता येईल असा फोटोही नाही. डॅनियलही कर्जात बुडाले. पण केरळ सरकारने 1992 पासून त्यांच्या नावाने मानाचा पुरस्कार सुरू केला, त्यांच्या जीवनावर 2013 मध्ये 'सेल्युलॉइड' हा चित्रपट आला. नायिकेला मात्र फार उशिरा आठवले गेले, आणि तेही मुख्यतः दलित कार्यकर्त्यांनी आणि स्त्री कलावंतांनी हट्ट धरला म्हणून. 2019 मध्ये केरळच्या स्त्री कलावंतांच्या संघटनेने तिच्या नावाने फिल्म सोसायटी सुरू केली. चेन्नईत पा. रंजित यांचे नीलम केंद्र तिच्या नावाने चित्रपट महोत्सव भरवते. 10 फेब्रुवारी 2023 ला तिच्या 120 व्या जन्मदिनी गुगलने तिचे चित्र आपल्या पानावर लावले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ते नाव पहिल्यांदा वाचले. आम्हीही त्यातलेच, आणि वाचून विसरलेलो. म्हणून त्या मुलीला उत्तर देता आले नाही.

आता कमलाबाई आणि रोझी शेजारी ठेवून पाहा. दोघींचा गुन्हा एकच, बाई असून कॅमेऱ्यासमोर उभे राहणे. एकीला वाळीत टाकले, दुसरीचे घर जाळले. एकीने नव्वदीत आपली हकिकत स्वतः सांगितली, दुसरीला आपण कोण होतो हे लपवून म्हातारे व्हावे लागले. दोघीही पुरुषसत्तेच्या बळी आहेत, पण दोघींवरचे ओझे सारखे नाही. जात मध्ये न आणता नुसते 'स्त्रियांचे शोषण' म्हणणाऱ्यांनी हा फरक समजावून सांगावा.

1936 : अछूत कन्या कोण झाले?

रोझीने नायर बाईचे काम केले म्हणून पडदा फाडला गेला. आता उलटे उदाहरण घ्या. 1936 साली बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. अस्पृश्य मुलगी कस्तुरीचे काम केले देविका राणी यांनी. जमीनदार घराण्यातल्या, टागोर कुटुंबाशी नात्यातल्या. चित्रपट देशभर गाजला. उच्चवर्णीय बाई अस्पृश्य झाली म्हणून कोणी दगड मारला नाही. 1969 मध्ये सरकारने दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मानही देविका राणींनाच मिळाला.

वरची जात खाली उतरून आपले काम करते तेव्हा ती कला ठरते. खालची जात वर चढून त्यांचे काम करते तेव्हा तो गुन्हा ठरतो. नाटकात, सिनेमात प्रत्येक जण सोंगच घेतो. पण कोणी कोणाचे सोंग घ्यायचे, हेही मनूच ठरवणार का?

आणि 1936 हेच वर्ष लक्षात ठेवा. पडद्यावर अछूत कन्येच्या दुःखाला लोक रडत होते, त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण सोसवेना म्हणून अधिवेशन रद्द केले, आणि 'जातिप्रथेचे विध्वंसन' बाबासाहेबांना स्वतः छापावे लागले. अस्पृश्याचे दुःख देविका राणींच्या चेहऱ्यावर चालत होते. अस्पृश्य स्वतः बोलू लागला की सभा रद्द होत होती.

मग बाबासाहेबांनी तमाशाचे पैसे का नाकारले?

इथे आमचेच काही साथी आम्हाला अडवतील. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या लढ्यासाठी तमाशाच्या खेळांचे पैसे देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत. आमच्या समाजाच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा नको, ही त्यांची भूमिका चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. जून 1936 मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर बोलताना, हे जिणे सोडा, असेही त्यांनी बजावले. मग आता तुम्ही मुलींना पुन्हा मंचावर चढवता? त्या मुलीच्या वडिलांचा प्रश्नही हाच होता.

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. त्या बापाच्या भीतीमागे खरी जखम आहे. आपल्या आज्या-पणज्यांना देवाला वाहिले गेले. फडावर नाचणे हा त्यांचा छंद नव्हता, ती जातीने लादलेली वेठ होती. गावच्या पाटलाला दिवसा जिच्या सावलीचा विटाळ होई, तिच्यावर रात्री तो दौलतजादा उडवत होता. मांग समाजातल्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पदक मिळाले, पण म्हातारपणी हलाखी चुकली नाही. डॉ. शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या पुस्तकात तमाशातल्या दलित स्त्रियांचा हा सगळा इतिहास मांडला आहे. अश्लीलता त्या बाईच्या अंगात नव्हती, तिला तिथे उभे करणाऱ्या जातिव्यवस्थेत होती, हे त्यातून कळते.

बाबासाहेबांनी नाकारले ते हेच. कलेला त्यांनी कधी नाकारले नाही. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांच्या जलशांना त्यांनी पाठबळ दिले. जलशाने तमाशाचा साचा घेतला, गणातला देव काढला, गौळण काढली, बाईच्या देहाचा बाजार काढला आणि त्या जागी विचार ठेवला. ती क्रांतीच होती. पण खरे बोलायचे तर बाजार काढताना बाईचीही जागा गेली. जलशात बाईचे कामही बहुधा पुरुषच करत राहिले. त्या काळाची ती गरज असेल, आम्ही आज त्यांना दोष देत नाही. पण गरज संपल्यावरही आपण तीच पद्धत चालवली, तर तिला परंपरा म्हणतात, आणि परंपरेची चिकित्सा करायला आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवले आहे.

वेठ नाकारणे म्हणजे व्यासपीठ नाकारणे नव्हे. पाटलाच्या इच्छेने उभे राहणे आणि स्वतःच्या इच्छेने उभे राहणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मुलीला आपण भाषण करू देतो, कारण भाषणात ती फक्त तोंड असते. नाटकात ती अंगासकट उभी राहते, आणि त्या अंगाची आपल्याला अजून भीती वाटते. ही भीती आपली नाही, ती जातीने आपल्यात पेरलेली आहे. ज्यांनी रोझीचा पडदा फाडला त्यांनाही तिच्या अंगाचीच भीती होती. आपल्या हातात दगड नाही, हे खरे. पण मुलीला घरी बसवून आपणही पडदा रिकामाच ठेवतो.

आता काय करायचे?

आपल्या भागात साधनांचा तोटा नाही. ठाण्यात गडकरी रंगायतन आहे, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीच्या नाट्यगृहाला तर सावित्रीमाईंचे नाव आहे. वस्तीवस्तीत मोबाईलवर शॉर्टफिल्म करणारी पोरे आहेत. पण त्या शॉर्टफिल्ममध्येही दिग्दर्शक मुलगा, लेखक मुलगा, कॅमेरा मुलाकडे, आणि मुलगी लागलीच तर रडायला. तिने व्हिडिओत काम केले की खाली कोण काय लिहिते, ते आपण वाचतो आणि गप्प बसतो. लिहिणाऱ्यांत आपल्या गटातलेही काही निघतात. म्हणून आम्ही आमच्यापुरते काही ठरवले आहे. इतर गटांनीही यावर चर्चा करावी.

एक, 10 फेब्रुवारी हा दिवस रोझी दिन म्हणून पाळायचा. फोटो नाही म्हणून अडायचे नाही, नाव मोठ्या अक्षरांत लिहायचे. शेजारी पवळेचे नाव लिहायचे, आणि दुर्गाबाई-कमलाबाईंचेही.

दोन, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभे राहिले. तसेच आपल्या वस्त्यांमधल्या ज्या आज्यांनी कधी फडावर, जलशात, मेळ्यात, कव्वालीत गायले-नाचले असेल, त्यांच्या आठवणी आत्ताच रेकॉर्ड करायच्या. नाव जाहीर करायचे की नाही हे त्या आजीने ठरवायचे. रोझीला लपावे लागले, आपल्या आज्यांना लपावे लागू नये.

तीन, आमच्या कोणत्याही नाटकात किंवा शॉर्टफिल्ममध्ये बाईचे काम मुलगा करणार नाही. मुलगी मिळाली नाही तर प्रयोग पुढे ढकलू. लेखन, दिग्दर्शन आणि कॅमेरा यांत निम्म्या मुली असतील. तालीम रात्री नऊच्या आत संपेल आणि लांबच्या मुलींना घरापर्यंत सोडायची जबाबदारी गटाची असेल. मानधन मिळाले तर ते सर्वांना सारखे.

चार, मुलीच्या घरी आधी आपण जायचे. आई-वडिलांसमोर बसायचे, त्यांची भीती ऐकून घ्यायची आणि त्यांना तालमीला बोलवायचे. घरच्यांना मागासलेले म्हणून हिणवणारा कार्यकर्ता आम्हाला नको.

31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा पडद्यावरचा सिनेमाही मुकाच होता. पुढे सिनेमा बोलू लागला, आपला समाजही बोलू लागला. पण पवळा, रोझी आणि त्यांच्यासारख्या कितीतरी जणी त्या मुक्या पडद्यामागेच राहिल्या. त्यांना आवाज द्यायची ऐपत आपल्यात नाही. त्यांची नावे तेवढी आपण घेऊ शकतो, आणि त्यांच्या नातींच्या वाटेतून बाजूला होऊ शकतो.

हा लेख लिहून झाला तेव्हा आम्ही तिघे त्या मुलीच्या घरी गेलो. चहा झाला. रोझीची गोष्ट सांगितली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलीकडे न बघता त्यांनी विचारले, "घर जाळलं तेव्हा तिचे आई-बाप कुठं होते?" आमच्याकडे याचे उत्तर नव्हते. तेच पुढे म्हणाले, "तालीम कुठं असते? एकदा येऊन बघतो."

त्यांनी अजून होकार दिलेला नाही. पण पुढच्या जयंतीला रमाईंचे काम कोण करणार, हा प्रश्न आता आमच्या वस्तीत उघडपणे विचारला जातो आहे. तुमच्या वस्तीतही विचारा.

जयभीम!